सौंदडचा थांबा

ज्या माणसाला स्वतःच्या घरात झोप येत नाही, त्याच्या घरात भाड्याने राहू नये. अर्जुनी मोरगावला कॉलेजात नोकरी लागली, गोंदियाहून गादी-गॅस घेऊन मी तिथे गेले आणि स्टँडच्या मागच्या गल्लीत एका रिटायर्ड कंडक्टरच्या घरची मागची खोली घेतली. पहिल्याच रात्री अंगणात पावलं वाजली. चोरच आला म्हणून मी दाराच्या फटीतून डोकावले, तर घरमालक! अंगात बंडी, गळ्यात मफलर, हात मागे बांधलेले. विहिरीपासून फाटकापर्यंत जायचे, फाटकापासून विहिरीपर्यंत यायचे. मध्येच थांबायचे, तोंडानेच "टिंग टिंग" म्हणायचे आणि पुन्हा चालू लागायचे. मी कडी लावली, कडीला ओढणी गुंडाळली आणि उजाडेपर्यंत बसून राहिले.

सकाळी घरमालकीणबाई चहा घेऊन आल्या. त्यांना मी पुढे काकू म्हणू लागले, आणि त्यांच्या नवऱ्याला, आमच्याकडे सगळे म्हणतात तसं, काकाजी.

"भेली का व रातची?" काकूंनी विचारलं. "भिऊ नको. त्यायले घरी झोप येत नाही. जिंदगीभर मुक्कामी गाडी केली ना. चिचगडले शाळेच्या ओट्यावर झोपले, देवरीले स्टँडवर झोपले, गाडीच्या टपावर झोपले. आता गादीवर टाकलं त कुसा बदलतेत."

"मग तुम्हाला झोप लागते का?"

"मले काय? मले एकटं झोपाची आदत हाये."

हे त्या इतक्या सहज म्हणाल्या, की मी चहा पिताना हसले. त्या हसल्या नाहीत.

रिटायर झाल्यावर या न झोपणाऱ्या माणसाला झोप सापडली ती गडावर. आमच्या तालुक्यात जंगलातल्या टेकडीवर गोंड राजांच्या काळचा गड आहे. गड म्हणजे काय, आता उरलाय तो परकोट. मोठमोठ्या काळ्या दगडांची भिंत टेकडीच्या कडेकडेने जाते, कुठे छातीइतकी, कुठे गुडघ्याइतकी, कुठे नुसता ढिगारा आणि वर साजा-धावड्याची झाडं. एका थंडीत काकाजी घोंगडी घेऊन एकटेच तिथे गेले, एका सपाट दगडावर आडवे झाले आणि सूर्य वर येईस्तोवर घोरत पडले. घरी येऊन म्हणाले, "वा! काय झोप लागली! असं वाटलं का ड्युटीवर हावो." पुढच्या पौर्णिमेला शेजारचे दोघे सोबत गेले. मग कॉलेजची पोरं गेली. मग कोणीतरी मोबाईलवर व्हिडिओ टाकला आणि गोंदिया, भंडारा, नागपूरची माणसं बूट-बॅटऱ्या घेऊन यायला लागली. वनरक्षकाला सांगायचं, जेवण करून निघायचं, रात्रभर परकोटाच्या अंगाअंगाने चालायचं आणि पूर्वेच्या बुरजावर सूर्य पाहायचा. थंडीतल्या प्रत्येक पौर्णिमेला. फी नाही, पावती नाही. फक्त काकाजींचं ऐकायचं. आणि हेच सगळ्यात कठीण होतं!

कारण ते माणसं फिरवायला नेत नसत, गाडी नेत असत. हातात काठी, काठीला बैलाच्या गळ्यातली पितळी घंटी. एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की निघायचं. चालताना मागून सारखा आवाज: "पुढं सरका, पुढं सरका. भिंतीले टेकू नका, भिंत म्हातारी हाये. ओ नागपूर, बॅटरी डोळ्यात नका मारू, डायवरले दिसत नाही." डायव्हर कोण, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. परकोटावरच्या प्रत्येक जागेला त्यांनी आपल्या जुन्या रूटची नावं दिली होती. पडका दरवाजा म्हणजे अर्जुनी. दाट झाडीत जिथे भिंत दिसतच नाही तो चिचगड. मध्ये एका ठिकाणी वडाच्या मुळांनी परकोट फोडलाय, भलं मोठं खिंडार पडलंय, तिथे खाली उतरून पलीकडे चढावं लागतं. ते सौंदड. सौंदडला चहा.

एकदा इतिहासाचे एक प्राध्यापक आले होते. त्यांनी भिंतीवर हात फिरवत विचारलं, "हे बांधकाम कोणत्या राजाच्या काळातलं असावं?"

"मले मालूम नाही," काकाजी म्हणाले. "गाडी कोणत्या कारखान्यात बनली हे कंडक्टरले विचारत नाहीत, सर. कुठी जाते ते विचारा."

प्राध्यापक भला माणूस. हसला आणि त्याला जे माहीत होतं ते त्यानेच सगळ्यांना सांगितलं. काकाजींनी मन लावून ऐकलं आणि पुढच्या पौर्णिमेला त्यातलं निम्मं चुकीचं करून दुसऱ्यांना सांगितलं.

वेळेच्या बाबतीत मात्र हा माणूस म्हणजे कहर. आठाला गाडी सुटणार म्हटलं की आठाला घंटी. गोंदियाचे कोणी एक साहेब सहकुटुंब आले, त्यांच्या बाईसाहेब स्वेटर बदलत होत्या, तेवढ्यात टिंग टिंग. साहेब ओरडले, "अरे भाई, रुको तो सही!" काकाजींनी मागे वळूनही पाहिलं नाही. साहेबांना सबंध कुटुंबासह पळत येऊन गाडी पकडावी लागली. मला त्या बाईंची कीव आली, खोटं कशाला बोलू, थोडी मजाही वाटली.

आणि याच वेळेच्या अभिमानातून ती सौंदडची गोष्ट निघायची. परकोटावरच्या सौंदडला सगळे बसले, चहाचे पेले हातात आले, की जुने लोक म्हणायचे, "काकाजी, होऊन जाऊ द्या." मग काकाजी काठी जमिनीत रोवायचे.

"तवा माह्या लग्नाले दोनच वरसं झाली होती," ते सुरू करायचे. "दिवाई होऊन गेली होती, मंडईचे दिवस, गावोगावी जत्रा अन् नाटकं. बायकोच्या माहेरी देवरीकडे मंडई होती. मी सकाळी ड्युटीवर निघताना म्हणलं, तू रेल्वेनं सौंदडले ये, तिथून माह्या गाडीत बस. सौंदडले गाडी उभी राहिली. पॅसेंजर चढले. टाइम झाला. मीनं दरवाज्यातून मागं पाह्यलं, त हे बाई डोक्यावर टोपलं घेऊन पळत येऊन राहिली! टोपल्यात अनारसे, हातात पिशवी. म्हणते, 'थांबा, थांबा!' आता सांगा, काय करू? कलेक्टरसाठी थांबत नाही मी, त बायकोसाठी थांबू? पाह्यलं, अन्..." इथे ते घंटीला हात घालायचे. टिंग टिंग! सगळा परकोट हसून उठायचा. "मारली डबल! गेली गाडी!"

पहिल्यांदा मीही हसले. गोष्ट ते सांगायचेच तशी. वेळेचा पक्का माणूस, वा, म्हणून तालुकाभर या गोष्टीवर त्यांचं नाव होतं.

पण मी त्या घरात राहत होते. सकाळी गडावरून उतरलेली मंडळी काकूंच्या हातचे तर्री-पोहे खायला अंगणात बसायची. कोणीतरी नवीन पोरगी हमखास विचारायची, "काकू, तुम्हीच का त्या? सौंदडच्या?" आणि खिदळायची. काकू झारा कढईत तसाच ठेवून आत जायच्या. पोहे खाली लागायचे. कोणाच्या लक्षात यायचं नाही, कारण लागलेले पोहे तर्रीत खपून जातात. सौंदडच्या त्या दिवसानंतर काकू नवऱ्याच्या गाडीत कधी बसल्या नाहीत. माहेरी जायचं तर दुसऱ्या वेळेची गाडी, नाही तर भावाची मोटरसायकल. आणि गडावर? अजिबात नाही. काकाजी दर पौर्णिमेला विचारायचे. सरळ विचारायची सवय नव्हती, म्हणून माझ्या तोंडून.

"मॅडम, तिले म्हणा ना, एकदा चल म्हणा. सारा जिल्हा येऊन गेला."

मी आत जाऊन निरोप सांगायचे. काकू सुपातलं धान पाखडत म्हणायच्या, "दगडं पाहाले कायले जाऊ? घरी एक हाये ना."

मी हसू दाबत बाहेर यायचे आणि "काकू नाही म्हणतात" एवढंच सांगायचे. काकाजी मान हलवायचे, मफलर नीट करायचे आणि एकटेच निघायचे. मला त्यांचा राग यायचा आणि वाईटही वाटायचं, एकाच वेळी. एवढी माणसं मागे घेऊन चालणारा माणूस, आणि जिला न्यायचं ती घरात पाठ करून झोपलेली. एकदा मी धीर करून काकूंना विचारलं, इतक्या वर्षांनंतरही एवढा राग?

त्या चिडल्या की माहेरच्या पोवारी बोलीत सुरू व्हायच्या, त्यातलं मला निम्मंच कळायचं. नंतर जरा थांबून, मला कळावं म्हणून, साधं बोलल्या. "गाडी गेली म्हणून राग नाही व. गाड्या जातेतच. पाहून घंटी मारली ना, त्याचा राग हाये."

मग एका वर्षी दसऱ्याच्या सुमारास काकाजींच्या छातीत दुखलं. नागपूरला नेलं, जाळी टाकली. मुलगा पुण्याहून आला, डॉक्टरांशी बोलला आणि फर्मान काढून गेला: गड बंद. काकाजींनी डॉक्टरांच्या इतक्या मिनतवाऱ्या केल्या, की शेवटी पौषाच्या पौर्णिमेला एकदाच, हळूहळू, सोबत जबाबदार माणूस असेल तर जा, अशी परवानगी मिळाली. शेवटची गाडी. आता तरी काकू येतील का, एवढंच त्यांच्या डोक्यात. यावेळी मला मध्ये घातलं नाही. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे राहिले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "यंदाचीच हाये. मंग नाही."

काकूंनी भाकरी तव्यावर उलटली. जेवणं झाली, काकाजी बूट घालायला बसले, आणि काकू लुगड्यावर मुलाचं जुनं स्वेटर चढवून, कानाला टॉवेल गुंडाळून, हातात औषधाची पिशवी घेऊन बाहेर आल्या.

"असं काय पाहून राहिले?" त्या म्हणाल्या. "दगडं पाहाले नाही येत मी. तुमच्या छातीत जाळी हाये. वर पडले त पाणी कोण पाजन?"

काकाजींनी बुटाची नाडी चुकीच्या बुटाला बांधली. मी पाहिलं.

त्या रात्री काकाजींची गाडी मी पाहिलेली सगळ्यात शांत गाडी. घंटी वाजायची, पण हलकी. "पुढं सरका" नाही, "ओ नागपूर" नाही. दर थांब्याला मान वळवून मागे बघायचे. काकू सगळ्यात मागे, आपल्या चालीने, माझा हात धरून. त्यांना गड आवडून राहिला होता, हे मला त्यांच्या प्रश्नांवरून कळत होतं. "हे एवढे दगडं वर कसे आणले असन व?" "पाणी कुठून पित असन इथले लोकं?" एके ठिकाणी झाडी मोकळी होती, खाली तलाव चांदण्यात पडलेला, पलीकडे कापणी झालेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं. काकू तिथे उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "चांगलं हाये." लगेच, आपण फार बोललो असं वाटून, "थंडी लय हाये," असंही म्हणाल्या.

सौंदड आलं. खिंडारात उतरून आम्ही वडाच्या मुळांवर बसलो. थर्मास उघडले. आणि नागपूरचा एक पोरगा, दरवर्षी येणारा, पण टॉवेल गुंडाळलेल्या काकूंना वडाखालच्या अंधारात त्याने ओळखलंच नव्हतं, मोठ्याने म्हणाला, "काका, सौंदड! आज शेवटचं, आज तर झालंच पाहिजे!"

मी त्याला डोळ्यांनी खुणावलं, पण अंधारात खुणा कुणाला दिसणार.

"आज नको," काकाजी म्हणाले.

"सांगा, सांगा!" सगळेच मागे लागले.

"सांगा ना," काकूंचा आवाज आला. "मलेबी आयकू द्या. मीनं तुमच्या तोंडून कधी पुरं आयकलंच नाही."

तेव्हा सगळ्यांना कळलं या बाई कोण. नागपूरचा पोरगा चहाच्या पेल्यात बघायला लागला. काकाजींनी काठी रोवली, घसा साफ केला. "तवा लग्नाले दोन वरसं..." म्हणाले. "मंडई होती. टाइम झाला. मीनं मागं पाह्यलं..." आणि अडकले. पुन्हा म्हणाले, "मागं पाह्यलं, त..." पुढचं येईना.

"मी सांगतो पुढचं," काकू म्हणाल्या. आमच्याकडे बायाही 'सांगतो' म्हणतात. "गाडी गेली. धुराळा उडाला. माह्या टोपल्यातले अनारसे खाली पडले. चहाच्या टपरीवर माणसं बसली होती. त्यायनं सारं पाह्यलं. एक म्हणते, 'बाई, तो कंडक्टर तुमचाच मालक ना?' मीनं म्हणलं, नाही. तो दुसरा कोणी हाये. अन् परत रेल्वे टेशनावर जाऊन बसली, दिवस बुडेस्तोवर. अनारसे वेचून घेतले, पण मंडई गेली ते गेलीच. माय वाट पाहून राहिली असन, हेच मनात."

कुठेतरी टिटवी ओरडली. मला काकूंचा हात हातात घ्यावासा वाटला, पण त्या ज्या ताठ बसल्या होत्या त्यात हात घालायची हिंमत झाली नाही.

काकाजींनी काठी बाजूला आडवी ठेवली. "मी पाह्यलंच नव्हतं," ते म्हणाले.

"काय?"

"तुले. मी पाह्यलंच नव्हतं. समोर एका बुवाशी बकरीच्या तिकिटावरून भांडण चालू होतं माह्यं. तो म्हणे, बकरीचं कायचं तिकीट. त्याच भांडणात दोरी ओढली. मागं पाह्यलंच नाही. तू म्हणली होतीस येतो म्हणून, तेही डोक्यातून गेलं. तुह्या गावच्या फाट्यावर तुही माय उभी होती. म्हणे, पोरगी कुठी हाये? तवा मले समजलं."

"मंग मायले काय म्हणलं तुमी?"

"म्हणलं, उशीर केला तिनं, सोडली. टाइम म्हणजे टाइम." त्यांचा आवाज फारच खाली गेला. "साऱ्या गाडीसमोर विचारलं ना तिनं. डायवर होता, पॅसेंजर होते. कंडक्टरनं थांब्यावर मागं पाह्यलं नाही, हे कसं सांगू? मंग डायवरनं स्टँडवर सांगतलं. सारे म्हणू लागले, वा, असा कंडक्टर पाहिजे. मंग मी तेच सांगत गेलो. बायकोले सोडणारा चालतो, पण मागं न पाहणारा कंडक्टर? त्याले कोण कंडक्टर म्हणन?"

मला एकदम हसू यावं आणि रडू यावं असं झालं. माणूस आपल्या धंद्याची अब्रू वाचवायला इतकी वर्षं स्वतःला निष्ठुर म्हणवून घेतो, आणि हसत हसत! जगात असे मूर्ख एसटीतच तयार होत असतील, असं वाटलं. पण काकूंकडे पाहिलं आणि माझं हसू गेलं. त्यांनी कानाचा टॉवेल सोडला होता, नीट ऐकू यावं म्हणून असेल. मग त्या बोलल्या तेव्हा आवाजात राग नव्हता, आणि मला ते रागापेक्षा जास्त लागलं.

"मी रोज तुमाले जेवाले वाढत होती," त्या म्हणाल्या, "अन् रोज वाटे, ह्या माणसानं मले पाह्यलं अन् सोडलं. रोज व! लोकायले नसतं सांगतलं त चालत होतं. मले त सांगाचं होतं."

"हव," काकाजी म्हणाले.

ते उभेच होते, थंडीत, हात कुठे ठेवावेत ते कळत नसल्यासारखे. काकूंनी नाक पुसलं. मग बसल्या होत्या त्या मुळावर जराशा पलीकडे सरकल्या. काकाजी जाऊन त्यांच्या शेजारी बसले, आणि आम्ही बाकीचे चहाचे पेले धुवायचं निमित्त काढून खाली ओढ्याकडे उतरलो.